डलहौसीची वारस नोंद

आर्णीच्या तहसील कार्यालयाबाहेर माझं टेबल आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, दस्त लिहून देणं हा आमचा घरचा धंदा. वडील टाइपरायटरवर करायचे, मी लॅपटॉपवर करते. टेबलापाशी सगळ्यात जास्त गर्दी असते ती मयताच्या घरच्यांची. खातेदार गेला, तेरवी आटोपली की माणसं मृत्यूचा दाखला घेऊन येतात. वारसांची नावं तलाठ्याकडे जातात. त्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असा हुकूम आहे, पण आमच्याकडे अजून कोणाच्या तोंडी ते बसलेलं नाही. मग सहा-क च्या नोंदवहीत नोंद, फेरफार, हितसंबंधितांना नोटीस, मंडळ अधिकाऱ्याची सही. आणि शेवटी सातबाऱ्यावरून मेलेल्याचं नाव उतरतं, जित्यांची चढतात. किती सातबाऱ्यांवर आजे-पणजे तसेच ठाण मांडून बसले होते हे सरकारलाही कळलं, म्हणून तर २०२५ मध्ये राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढावी लागली.

या कामात बसून बसून एक खोड लागते. कोणत्याही मोठ्या माणसाचं चरित्र हातात आलं की मी आधी मागची पानं उघडते. कधी गेला, मागे कोण राहिलं, आणि कोणाला काय मिळालं?

माझी भाची स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. तिच्या वहीत लॉर्ड डलहौसी एका ओळीत आटोपलेला: सातारा १८४८, झाशी आणि नागपूर १८५४, औरस मुलगा नाही म्हणून खालसा. मी विचारलं, याच्या स्वतःच्या घरी वारस कोण होता गं? तिला माहीत नव्हतं. परीक्षेत तसं विचारत नाहीत. पण मला राहवेना. ज्या माणसानं दुसऱ्यांच्या घरातले वारस तपासून तीन मराठी गाद्या बुडवल्या, त्याची वारस नोंद बघायलाच हवी होती.

जेम्स अँड्र्यू ब्राउन-रॅमसे हे त्याचं नाव. जन्म २२ एप्रिल १८१२, स्कॉटलंडमधल्या डलहौसीच्या किल्ल्यात. बाप नववा अर्ल ऑफ डलहौसी. १८३० ते ३२ या काळात हिंदुस्थानात सरसेनापती होता. अर्ल ही पदवी त्यांच्या घराण्यात १६३३ पासून चालत आलेली. आमचा जेम्स तिसरा मुलगा, म्हणजे पदवी त्याच्या वाट्याला येण्याचं कारणच नव्हतं. पण थोरले दोघे भाऊ बापाच्या आधी गेले. १८३७ मध्ये तो निवडून येऊन हाउस ऑफ कॉमन्समध्ये बसला, आणि पुढच्याच वर्षी बाप वारला. त्या क्षणी त्याची निवडून आलेली जागा गेली आणि जन्मानं मिळालेली जागा आली, हाउस ऑफ लॉर्ड्समधली. तेव्हा तिथे असंच होतं. मतदारांनी दिलेलं सोडा आणि बापानं दिलेलं घ्या.

त्याची आई क्रिश्चन ब्राउन ही कोल्स्टन नावाच्या इस्टेटीची वारस. त्या घरात एक जुनं वाळकं नाशपातीचं फळ जपून ठेवलेलं आहे. एका मांत्रिकानं ते मुलीच्या लग्नात दिलं आणि फळ शाबूत तोवर घर शाबूत, असं सांगितलं, अशी कथा आहे. आमच्याकडेही देव्हाऱ्यात असल्या वस्तू असतात, त्यामुळे मला हसू आलं नाही.

बायको सुसान हे, मार्क्विस ऑफ ट्वीडेलची मुलगी. हा सासराही मद्रासचा गव्हर्नर होऊन गेलेला. डलहौसी गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्याला उतरला जानेवारी १८४८ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी. पंजाब घेतल्यावर १८४९ मध्ये त्याला अर्लहून वरची, मार्क्विसची पदवी मिळाली. बायकोची तब्येत इथल्या हवेत ढासळली. १८५३ मध्ये ती जहाजानं परत निघाली आणि घर जवळ आलेलं असताना ६ मे रोजी जहाजावरच वारली. त्याच महिन्याच्या २१ तारखेला हैदराबादच्या निजामाशी तह झाला आणि वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. वऱ्हाड म्हणजे आम्ही. आर्णी, दारव्हा, दिग्रस, पुसद, सगळं. आमच्या जिल्ह्याला पुढे वणी जिल्हा म्हणू लागले. यवतमाळ हे नाव १९०५ मध्ये लागलं.

इथे वारसाचा प्रश्न नव्हता. निजामाकडून ‘कंटिंजंट’ नावाच्या फौजेचा पगार थकला होता, तो वसूल करायला कापसाचा मुलूख लावून घेतला. म्हणजे आम्ही तारण गेलो. खालसा झालं ते वर्धा नदीच्या पलीकडचं, नागपूर. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघुजी भोसले वारले. मुलगा नव्हता, दत्तकही घेतला नव्हता. पण महाराष्ट्रात चालत आलेल्या हिंदू कायद्याप्रमाणे नवऱ्याच्या मागे विधवेला दत्तक घेता येत होता, आणि थोरल्या बाकाबाईंसह राजवाड्यातल्या बायकांनी नात्यातल्या मुलाला घेतलंही. डलहौसीनं ते मानलं नाही. वाड्यातलं जडजवाहीर कलकत्त्याला गेलं. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला मिळेल त्या भावात विकले.

साताऱ्याला तर कागदाची सबबही नव्हती. अप्पासाहेब महाराजांनी ५ एप्रिल १८४८ रोजी डोळे मिटण्याआधी दत्तक घेतला होता. झाशीच्या गंगाधररावांनी मरणाच्या आदल्या दिवशी इंग्रज अधिकाऱ्यांसमक्ष दत्तक घेतला, तोच दामोदरराव. माझ्या टेबलावर असं दत्तकपत्र आलं असतं तर मी म्हटलं असतं, कागद पक्का आहे, काळजी करू नका. पण तिथे कागद तपासणारा आणि जमीन घेणारा एकच होता.

डलहौसीला एकट्याला दोष देणंही खरं नाही. दत्तकाला मंजुरी देणं म्हणजे मेहेरबानी, ती सर्रास करू नये, असं कंपनीच्या संचालकांनी १८३४ मध्येच लिहून ठेवलं होतं. त्यानं तो नियम हौसेनं राबवला, एवढंच.

आता त्याची वारस नोंद.

मार्क्विस ऑफ डलहौसी १९ डिसेंबर १८६० रोजी वारला, वय ४८. मागे दोन मुली, सुसान आणि एडिथ. मुलगा नाही. मार्क्विसची पदवी फक्त औरस पुरुष वंशजांना जायची होती, ती त्याच दिवशी संपली. अर्लची जुनी पदवी मुलींना डावलून चुलत भावाकडे गेली, फॉक्स मॉल, लॉर्ड पॅनम्युअर याच्याकडे. क्रिमियाच्या लढाईत हा युद्धमंत्री होता. तोही १८७४ मध्ये निपुत्रिक गेला, मग पदवी आणखी लांबच्या भाऊबंदाकडे वळली. आज ती चालू आहे, पण डलहौसीच्या वंशजांकडे नाही.

मुलींना काहीच मिळालं नाही असं नाही. नाशपातीवालं कोल्स्टन, म्हणजे आजीच्या माहेरचं घर, थोरल्या सुसानकडे आलं. पदवी मात्र पुरुषांची, पुरुषांतून. ही सुसान आई गेल्यावर बापाच्या सोबतीला कलकत्त्याला येऊन राहिली होती. पुढे रॉबर्ट बर्क म्हणजे लॉर्ड कॉनेमारा याच्याशी तिचं लग्न झालं, ती मद्रासच्या गव्हर्नराची बायको झाली, आणि १८९० मध्ये तिनं त्याच्याशी काडीमोड घेतला. कॉनेमाराही निपुत्रिक गेला आणि त्याचीही पदवी संपली. धाकटी एडिथ सर जेम्स फर्ग्युसनची बायको. ती १८७१ मध्ये ऑस्ट्रेलियात वारली. नवरा १८८० मध्ये मुंबईचा गव्हर्नर होऊन आला, आणि पुण्याच्या ज्या कॉलेजात आमच्या विदर्भातली मुलंही मोठ्या अभिमानानं जातात त्या फर्ग्युसन कॉलेजाला नाव त्याचंच आहे. म्हणजे साताऱ्याची गादी बुडवणाऱ्याच्या जावयाच्या नावानं टिळक-आगरकर आणि त्यांच्या सोबत्यांनी कॉलेज काढलं. इतिहास असा गुंतलेला असतो. त्याची उकल माझ्या टेबलाचं काम नाही.

पण गंमत पुढेच आहे. आमच्या वऱ्हाडाचा कागद तीन लॉर्डांच्या हातून गेला. १८५३ मध्ये डलहौसीनं तो घेतला. सत्तावनच्या बंडात निजाम इंग्रजांच्या बाजूनं राहिला, म्हणून १८६० मध्ये लॉर्ड कॅनिंगनं नवा तह करून उस्मानाबाद आणि रायचूरचा मुलूख परत दिला; वऱ्हाड ठेवून घेतलं. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झननं वर्षाला २५ लाख रुपयांवर ते कायमच्या पट्ट्यानं लिहून घेतलं. आता या तिघांच्या घरी बघा. डलहौसीला मुली दोन, मुलगा नाही. कॅनिंगला मूलच नाही. १८६२ मध्ये तो वारला आणि अर्ल कॅनिंग ही पदवी त्याच्याबरोबर गेली. कर्झनला मुली तीन, मुलगा नाही. १९२५ मध्ये त्याचीही मार्क्विस आणि अर्ल ही दोन्ही बिरुदं संपली.

डलहौसीचाच नियम लावला असता तर तिघेही खालसा.

कॅनिंगबद्दल एक चांगलं सांगायला हवं. सत्तावनचा दणका बसल्यावर संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा त्यानंच दिल्या. दत्तक मान्य, गादी चालू. नागपूरच्या दत्तक जानोजींना राज्य मिळालं नाही, पण १८६० मध्ये देऊरचे राजाबहादूर ही पदवी तरी मिळाली. जो माणूस स्वतः निपुत्रिक होता त्याच्या सहीनं इथली दत्तकं पक्की झाली. त्याला आपल्या देशात स्वतःसाठी ती सोय नव्हती.

आणि ती अजूनही नाही. बरेच जण समजतात की हे जुन्या काळचं झालं. ब्रिटनमध्ये आजही दत्तक मुलाला बापाची लॉर्डकी मिळत नाही. २००४ मध्ये राणीनं फर्मान काढून दत्तक मुलांना नावाआधी ‘ऑनरेबल’ वगैरे लावायची मुभा दिली. मूळ पदवी मात्र रक्तालाच. त्याच साली त्यांनी ‘रोल ऑफ द पीअरेज’ नावाची नोंदवही सुरू केली. लॉर्ड वारला की वारसानं जन्माचा, आईबापाच्या लग्नाचा, मृत्यूचा दाखला जोडून अर्ज करायचा, तपासणी होऊन नाव चढलं की मग तो कागदोपत्री लॉर्ड. वाचल्यावर मला वाटलं, हे तर आमचं सहा-क. फक्त त्यात बहिणींचा रकाना नाही.

म्हणजे डलहौसी दुटप्पी होता असं मला म्हणता येत नाही. त्यानं आपल्या घरचा नियम आपल्यावर घेतला आणि आमच्यावरही लादला. हीच त्याची चूक. आपल्या गावचा नियम म्हणजे सगळ्या जगाचा न्याय, असं तो धरून चालला. आमच्याकडे दत्तक म्हणजे पोटचाच. जन्मदात्या घराशी त्याचं नातं तुटतं आणि नव्या घरात तो पूर्ण मुलगा होतो. हे त्याला कोणी सांगितलं नसेल असं नाही. ऐकायचं नव्हतं.

आपल्या हिंदुस्थानातल्या एकाच घराण्याला इंग्रजांची ही वंशपरंपरेची लॉर्डकी मिळाली. बंगालचे सत्येंद्र प्रसन्न सिन्हा, १९१९ मध्ये, लॉर्ड सिन्हा ऑफ रायपूर. १९२८ मध्ये ते वारले आणि मुलाची वारस नोंद अडली. आईबापाचं लग्न हिंदू पद्धतीचं, हिंदूंना तेव्हा दुसरी बायको करता येत होती, मग अशा लग्नाचा मुलगा लॉर्ड कसा? हे निकाली निघायला १९३९ उजाडलं. तारखांवर तारखा घेणाऱ्या माझ्या पक्षकारांना हे सांगितलं तर त्यांना जरा बरं वाटेल.

एवढं हे घराण्यांचं पुराण कशासाठी? कोणी म्हणेल, बाई, लॉर्ड तिकडे, आम्हाला काय त्याचं? पण अशा पदव्या इकडेही होत्या. निजामाच्या थोरल्या मुलाला १९३६ मध्ये ‘प्रिन्स ऑफ बेरार’ केलं, म्हणजे आम्हा वऱ्हाड्यांचा युवराज. त्याला वऱ्हाडात ना सत्ता होती ना सातबारा, आणि शेवटी बापानंच त्याला वगळून नातवाला वारस नेमलं. आपण १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे आणि मान्यता काढून टाकली. ब्रिटननं १९९९ मध्ये वंशपरंपरेचे बहुतेक लॉर्ड सभागृहाबाहेर काढले आणि ९२ ठेवले. त्यांनाही काढायला मजूर पक्षाच्या सरकारनं सप्टेंबर २०२४ मध्ये विधेयक आणलं. चांगलंच आहे. जन्मानं कायदे करायचा हक्क मिळू नये. पण त्या ९२ जणांमधली शेवटची उरलेली बाई, काउंटेस ऑफ मार, २०२० मध्ये निवृत्त झाली, आणि त्यानंतर तो सगळा गट पुरुषांचा उरला. गादीसाठी तिथे २०१३ मध्ये कायदा करून मुलगा-मुलगी भेद काढला; लॉर्डांच्या पदव्यांना तो लावला नाही. राजाची मुलगी चालते, सरदाराची चालत नाही. बहुतेक पदव्या आजही पुरुषालाच जातात.

कर्झन या बाबतीत हुशार निघाला. मुलगा नाही हे बघून त्यानं १९११ मध्ये पदव्या घेतानाच एक बारकी पदवी अशी करून घेतली की ती मुलींना जाईल. १९२५ मध्ये थोरली आयरीन बॅरोनेस रेव्हन्सडेल झाली. पदवी मिळाली, पण त्या पदवीवर लॉर्ड्समध्ये बसायला मिळालं नाही. वंशपरंपरेनं पदवी मिळालेल्या बायकांना त्या पदवीच्या जोरावर तिथे १९६३ पर्यंत बंदीच होती. नाव चढलं आणि ताबा मिळाला नाही. आर्णीत कोणाही बाईला ही स्थिती समजावून सांगावी लागणार नाही.

१९६३ चा तो कायदा मला सगळ्यात जास्त आवडला, कारण त्यात हक्कसोड आहे. टोनी बेन नावाचे मजूर पक्षाचे खासदार. १९६० मध्ये बाप वारला, ते आपोआप व्हायकाउंट स्टॅन्सगेट झाले आणि डलहौसीसारखीच त्यांचीही निवडून आलेली जागा गेली. ते भांडत राहिले. शेवटी कायदा झाला की वारसाला पदवी सोडता येईल. बेन यांनी लगेच सोडली. पण त्या हक्कसोडीत एक फार शहाणी अट आहे. सोडणारा फक्त स्वतःपुरतं सोडतो. पदवी दुसऱ्या भावाकडे जात नाही. ती नुसती थांबून राहते आणि सोडणारा वारला की त्याच्या मुलाला मिळते. २०१४ मध्ये बेन गेले आणि त्यांचा मुलगा स्टीफन व्हायकाउंट झाला. बापाची सही मुलाला बांधील नाही.

आता आमच्या दुय्यम निबंधकाकडची हक्कसोड पाहा. पाचशे रुपयांचा मुद्रांक, मजकूर ठरलेला: मी माझ्या राजीखुशीनं, कोणाच्याही दबावाखाली न येता, भावाच्या हक्कात माझा संपूर्ण हिस्सा सोडत आहे. बहिणीनं सही केली की तिचं संपलं आणि तिच्या लेकरांचंही संपलं. जे इंग्लंडच्या लॉर्डालाही आपल्या लेकराच्या तोंडचं काढून घेता येत नाही, ते आमची बाई चहाचा कप हातात धरून देऊन टाकते.

रडारड नसते. बहीण भावाच्या गाडीवर बसून येते, सोबत भाचा असतो, उन्हात उभं राहायला नको म्हणून भाऊ माझ्या टेबलाची सावली तिला देतो. मी विचारते, वाचून दाखवू का? ती म्हणते, ‘काय वाचता बाई, लिव्हा. मले काय करायचं वावर? मी माह्या घरी सुखी हावो. राखीले माहेर पाहिजे फक्त.’ मी वाचून दाखवतेच. ऐकताना तिची नजर भावाकडे असते.

भावांचंही म्हणणं आहे आणि ते खोटं नाही. पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि सोयाबीन. त्यात चार बहिणींची नावं चढली की पीककर्जाला प्रत्येकीची संमती लागते; एक पुण्याला, एक सुरतला. कागद फिरवता फिरवता पेरणी निघून जाते. बापाच्या आजारपणाचं कर्ज भावानं फेडलं, बहिणींची लग्नं त्यानंच केली. हे सगळं खरं. पण नीट बघितलं तर हाच हिशोब लॉर्डांचा होता. इस्टेट फुटू नये म्हणून सगळं थोरल्याला. धाकट्यांना फौजेत किंवा हिंदुस्थानात नशीब काढायला पाठवायचं, आणि मुलींना हुंडा देऊन दुसऱ्या लॉर्डाकडे. आपण त्या पद्धतीला सरंजामशाही म्हणून शिव्या देतो, आणि घरी त्याच तर्कानं बहिणीला सही करायला लावतो.

कायद्याची बाजू वऱ्हाडात जेवढी माहीत असावी तेवढी नाही. बापाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलगी १९५६ पासून मुलाबरोबरीची वारस आहे. वडिलोपार्जितात महाराष्ट्रानं १९९४ मध्येच मुलींना जन्मानं हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळलं. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीनं तो भेदही गेला. त्या तारखेला बाप जिवंत असायला हवा की नको यावर वाद होता. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा प्रकरणात सांगितलं, नको. हक्क जन्मानं आहे. दत्तक मुलगी असेल तर तिचाही. डलहौसीला न पटलेली गोष्ट आता मुलींनाही लागू झाली आहे.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्ती काढली तेव्हा शेतकऱ्यांनी आपल्या हातानं बायकांच्या नावे जमीन केली. पुढे सरकारनंही त्याच नावाची योजना आणली. ते मोठं काम होतं. पण त्यात नवरा देणारा होता. मुलीच्या बाबतीत देणारा कोणी नाही. तिचं आधीच आहे. म्हणून ते जास्त अवघड जातं. दिल्याचं पुण्य भावाला मिळत नाही, उलट सोडल्याचं पुण्य बहिणीला मिळतं. मग तीही सोडून मोकळी होते.

भावाला हक्कसोड हवीच असेल तर घाई करू नये. तेरवीच्या मांडवात दुःखातल्या बहिणीपुढे कागद धरू नये. वारस नोंदीला हक्कसोड लागत नाही. आधी आईसह सगळ्यांची नावं चढवा, मग वर्षा-दोन वर्षांनी बसून ठरवा. बहिणीला वावर नको असेल तर तिच्या हिश्शाचा मोबदला दस्तात लिहा, साडीचोळीवर भागवू नका. तलाठ्यासमोर नुसता जबाब देऊन किंवा साध्या कागदावर सही करून जमिनीवरचा हक्क सुटत नाही. दस्त नोंदवावा लागतो. आणि बहिणींनो, सही करण्याआधी तो वाचून घ्या. लिहिणाऱ्याला वाचून दाखवायला सांगा. तो कंटाळला तरी सांगा.

एक गोष्ट मात्र माझ्या टेबलावर होणार नाही. बहिणी हयात असताना ‘मयतास आमच्याशिवाय अन्य वारस नाहीत’ असं प्रतिज्ञापत्र लिहून मागायला येऊ नका. ते खोटं प्रतिज्ञापत्र आहे, गुन्हा आहे. येताना सगळ्या बहिणींची पूर्ण नावं, वयं आणि सासरचे पत्ते लिहून आणा.